गच्चीवरचं दूध आणि बिलातले पाचशे रुपये

भाद्रपद सरत आला की या सदराच्या टपालाचा नूर पालटतो. जूनमध्ये गळती, ऑगस्टमध्ये लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, आणि आता वर्गणी, गरबा, कोजागरी, वार्षिक सभा. डोंबिवलीत 48 सदनिकांच्या सोसायटीची मी 11 वर्षं सचिव होते. त्याआधी बँकेत कॅश काउंटरवर आयुष्य गेलं. तेव्हा पैशाचा प्रश्न आला की माझं उत्तर जरा लांबतं, ते चालवून घ्या.

प्रश्न : जुलैच्या देखभाल बिलात ‘उत्सव निधी ₹500’ अशी नवी ओळ आली. मी बाकीचं बिल भरलं, हे पाचशे सोडून. ऑक्टोबरच्या बिलात तेच पाचशे थकबाकीत दाखवून वर व्याज लावलंय. गेल्या वर्षीच्या गणपतीचा हिशोब मागितला होता, तोही मिळाला नाही. नवरा म्हणतो, पाचशे रुपड्यांसाठी वैर कशाला घेतेस? आणि नवरात्रात माझ्या मुलीला कुणीतरी ‘तुमची वर्गणी नाही ना’ असं ऐकवलं. – एक वाचक, बदलापूर

मुलीला जे ऐकवलं ते आधी. वर्गणी आईबाप देतात, प्रसाद पोरं खातात, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसतो. हे ज्यांना कळत नाही त्यांनी उत्सव समितीत बसू नये.

आता बिल. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, सोसायटीनं कोणकोणत्या बाबींखाली पैसे घ्यायचे त्याची यादीच दिलेली आहे. मालमत्ता कर, पाणीपट्टी, सामायिक वीज, दुरुस्ती व देखभाल निधी, लिफ्ट, सिंकिंग फंड, सेवाशुल्क, वाहनतळ, विमा वगैरे. उत्सव त्यात नाही. यादीच्या शेवटी ‘इतर शुल्क’ अशी एक बाब आहे आणि तुमचे सचिव तिच्यावर बोट ठेवतील. ठेवू देत. त्यांना एवढंच विचारा, कोणत्या सर्वसाधारण सभेत, कोणत्या तारखेला हा ठराव झाला? इतिवृत्ताची प्रत द्या. समितीच्या चार जणांनी चहा पिताना ठरवलं म्हणजे ठराव होत नाही.

व्याजाचंही तसंच. उपविधींप्रमाणे थकबाकीवर जास्तीत जास्त द.सा.द.शे. 21 टक्के सरळव्याज लावता येतं. म्हणजे तुमच्या पाचशेवर महिन्याला पावणेनऊ रुपये. गणपतीच्या नावानं पावणेनऊ रुपये व्याज! पण मुळात रक्कमच देणं लागत नसेल तर तिची थकबाकी कुठून आली?

करायचं असं. बाकीचं बिल चेकनं भरत राहा, मागे कशापोटी ते लिहा. सचिवांना साध्या मराठीत अर्धं पान पत्र द्या आणि प्रतीवर पोच घ्या. हिशोबाची मागणीही त्याच पत्रात घाला. उत्तर नाही आलं तर उपनिबंधकांचं कार्यालय आहेच. पण पत्र द्यायच्या आदल्या संध्याकाळी एकदा त्यांच्या घरी जाऊन बसा. हे कायद्यात नाही, माझ्या अनुभवात आहे.

कारण हा गुन्हा मी स्वतः केलाय. सचिवपदाचं दुसरं वर्ष, गुडघे दुखायला लागलेले, चार मजल्यांना लिफ्ट नाही. दारोदार पावतीपुस्तक घेऊन हिंडायचा कंटाळा आला आणि मी वर्गणी सरळ बिलात टाकली. सगळ्यांनी भरली. मला वाटलं, काय झकास युक्ती! लेखापरीक्षकानं त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि शांतपणे विचारलं, ‘ताई, बँकेत असं केलं असतंत?’ कान लाल झाले.

पुढच्या वर्षी वेगळं पावतीपुस्तक, वेगळा डबा, आणि विसर्जनानंतर आठ दिवसांत फळ्यावर हिशोबाचा कागद. मांडववाला किती, फुलं किती, शिल्लक किती, सगळं. 48 पैकी 41 घरांनी दिली. कुणी 101, कुणी 1100. रक्कम आदल्या वर्षापेक्षा कमीच भरली, म्हणून ऑर्केस्ट्रा रद्द केला. त्याबद्दल आजतागायत कुणी तक्रार केलेली नाही. उरलेल्या सातांपैकी एक आजोबा मात्र महाप्रसादाला न सांगता तांदळाचं पोतं घेऊन आले. बिलातल्या पाचशेवर त्यांनी मला पूर्वी दोन पानी पत्र लिहिलं होतं!

तुमच्या यजमानांना सांगा, पाचशे द्यायला हरकत नाही. पावती घेऊन, वर्गणी म्हणून, हिशोब फळ्यावर लागल्यावर द्या.

प्रश्न : वार्षिक सभेला माणसंच येत नाहीत. म्हणून यंदा कोजागरीला गच्चीवर सभा आणि लगेच मसाला दूध असा बेत आहे. दुधासाठी तरी लोक येतील. यात काही अडचण? – एक सचिव, ठाणे

अडचण पंचांगाचीच आहे. सहकारी संस्थेचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आणि कोजागरी? 2023 साली 28 ऑक्टोबर, 2024 साली 16 ऑक्टोबर, 2025 साली 6 ऑक्टोबर. दूध वेळेवर आणि सभा उशिरा, असा हा बेत आहे. मुदत चुकवली तर समितीच्या सदस्यांवर अपात्रतेची कारवाई होऊ शकते. दुधापायी एवढं कशाला?

गणसंख्येची, म्हणजे सभेला किमान किती माणसं हवीत त्याची, धास्तीही उगाच घेतलीत. उपविधींप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतली जी संख्या कमी असेल ती पुरते. म्हणजे तुमची सोसायटी दोनशे घरांची असली तरी वीस माणसं बस्स. तीही आली नाहीत तर, नोटिशीत आधी छापलेलं असल्यास, त्याच दिवशी थोड्या वेळानं तहकूब सभा घेता येते आणि तिला गणसंख्येची अट नसते. नोटीस मात्र पूर्ण 14 दिवस आधी हवी. वॉट्सॲपवर ‘रविवारी मीटिंग, सर्वांनी यावे’ आणि हात जोडल्याचं चित्र ही नोटीस नव्हे.

माणसं यायला हवी असतील तर माझी एक युक्ती देते. सभा पितृपक्षात ठेवा. नाकं मुरडू नका. त्या पंधरवड्यात कुणाकडे साखरपुडा नसतो, वास्तुशांत नसते, बारसं नसतं. सगळे घरी. आमची विक्रमी उपस्थिती सर्वपित्रीच्या आदल्या रविवारची आहे. अधिक मासाच्या वर्षी तिथ्या पुढे सरकतात, तेव्हा तारीख तेवढी बघून घ्या.

शिवाय गच्चीवर चांदण्यात ताळेबंद वाचता येत नाही. ट्यूब लावली तर चंद्र दिसत नाही. आणि पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवरून एकदा वाजलं की पुढ्यातलं दूध कुणाला गोड लागतं?

कोजागरी स्वतंत्रच करा. आमचा हिशोब देते. 120 माणसं, दीडशे मिलिलिटरचा पेला. 22 लिटर म्हशीचं दूध आणायचं, आटून 19 लिटरच्या आसपास उरतं, दुसऱ्यांदा मागणाऱ्यांचीही सोय होते. साखर पावणेदोन किलो आणि ती शेवटी. पातेलं आधी पाण्यानं विसळून घेतलं की दूध तळाला कमी लागतं. वेलची, जायफळ, चारोळी, बदाम-पिस्त्याची भरड, केशर परवडेल तेवढं. ढवळायला एकच माणूस नेमा. ‘मी बघते, तू जा’ असं दोघींनी एकमेकींना म्हटलं की दूध करपलंच समजा. ऑक्टोबरचा उकाडा असतो, म्हणून संध्याकाळी तापवून ठेवलेलं दूध रात्री बारापर्यंत तसंच ठेवू नका, पुन्हा उकळी काढा.

आणि हो, 2023ची कोजागरी आठवते ना? त्या रात्री एक ते अडीचच्या दरम्यान खंडग्रास चंद्रग्रहण होतं. वेध दुपारीच लागलेले. आमच्याकडे निम्मी बिल्डिंग म्हणे दूध नको, निम्मी म्हणे उगाच अंधश्रद्धा. शेवटी निम्म्यांनी दुसऱ्या दिवशी प्यायलं, आणि उरलेल्यांनी दोन्ही दिवशी. ग्रहण पाहायला मात्र दोन्ही पक्ष गच्चीवर हजर.

प्रश्न : आमच्या इमारतीत गुजराती कुटुंबं बरीच. नवरात्रात अंगण सात वाजल्यापासून गरब्याला. आम्हां बायकांना भोंडला करायचाय तर ‘जागा नाही’. स्पीकर साडेअकरापर्यंत. तक्रार केली तर ‘तुम्ही सणाच्या विरोधात’. – पाच मैत्रिणी, मुलुंड

मैत्रिणींनो, स्पीकर आणि अंगण ही दोन भांडणं आहेत. एकत्र कराल तर दोन्ही हराल.

स्पीकरचा नियम साधा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सणांसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं. नवरात्रातले कोणते दिवस त्यात आहेत ते पोलीस ठाण्यात कळतं. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. तुमचं बोलणं एवढंच असावं : ‘सूट असेल त्या दिवशी बारापर्यंत नाचा, आम्हीही येतो. बाकीच्या दिवशी दहा.’ यात सणाला विरोध कुठे आला?

अंगणाचं सोपं आहे. भोंडल्याला लागतं काय? एक पाट, त्यावर हत्ती, भोवती फेर धरायला दहा-बारा जणी, पाऊण तास. दिवेलागणीला सहाला सुरू करा, पावणेसातला आवरा. गरबा आठपर्यंत रंगतच नाही, माहितेय सगळ्यांना. आमच्याकडे गाणी कुणालाच पाठ नव्हती. ‘ऐलमा पैलमा’च्या दुसऱ्या कडव्यालाच गाडी अडायची. मग चौथ्या मजल्यावरच्या आजींना खुर्ची मांडून मध्ये पाटाशेजारी बसवलं. त्या मूळच्या जळगावच्या, त्यांच्याकडे भुलाबाई. आमच्यातल्या कोल्हापूरच्या सुनेकडे हादगा. कोणती ओळ बरोबर यावर दोघींची जी जुंपली, ती ऐकायलाच निम्म्या जणी येतात.

खिरापत ओळखायचा खेळ मात्र गरबावाल्यांना आवर्जून सांगा. आमच्या गुजराती शेजारणीनं डब्यात हांडवो आणला. गोड की तिखट? तिखट. ताटात की वाटीत? ताटात. कुणाच्या बापजन्मी ओळखू येईना. वीस मिनिटं झाली तरी ती डबा उघडेना. दुसऱ्या वर्षी तिनंच गरब्याची वेळ अर्ध्या तासानं पुढे ढकलून घेतली, आम्ही मागितली नव्हती.

प्रश्न : आम्ही भाडेकरू. दिवाळी पहाटच्या तयारीत नाव दिलं तर ‘मेंबर नाही’ म्हणाले. – एक वाचक, नाशिक

भाडेकरूला सर्वसाधारण सभेत मत नाही, हे खरं. कंदील लावायला, रांगोळी काढायला आणि तबलजींना स्टेशनवरून आणायला मत लागत नाही. तुम्ही राहता म्हणून तुमचे मालक बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी) भरतात, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत. म्हणजे सोसायटीला तुमच्यामुळे चार पैसे जास्तच मिळतात. पहाटे साडेचारला सतरंज्या अंथरायला कोण येतंय ते बघा. तिथे जाऊन उभ्या राहा, नाव आपोआप यादीत येईल.

प्रश्न : मी सातवीत आहे. आम्ही दर वर्षी पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करतो. यंदा तिथे एका काकांची नवी गाडी असते. ते म्हणतात माती उडते. आम्ही काय करू? – कोथरूड, पुणे

बाळा, आधी तो कोपरा कुणाच्या नावावर आहे ते सचिवकाकांना विचार. काकांना रीतसर दिलेला असेल तर तो त्यांचा, मग तुम्ही दुसरी जागा शोधायची. जिन्याखाली, मीटरच्या खोलीपासून लांब, किंवा गेटजवळच्या झाडाच्या आळ्यालगत. अर्ज लिहा, पाच जणांनी सह्या करा, ‘लक्ष्मीपूजनानंतर आठ दिवसांत माती उचलू’ असं त्यात लिहा आणि खरंच उचला. मी सचिव असताना दर तुळशीच्या लग्नापर्यंत चिखल माझ्या उरावर असायचा.

माती उडू नये म्हणून खाली विटा-दगड रचून त्यावर ओलं गोणपाट टाक आणि मातीचा चिखल कालवून त्यावर लिंप. कोरडी माती शिंपडली तरच उडते. हळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेर, रोज हलकं पाणी शिंपड, म्हणजे दिवाळीत किल्ला हिरवागार. मोहरीही चालते.

कोणता किल्ला? सगळे रायगड करतात. राजगड कर की, पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आणि मध्ये बालेकिल्ला, नेढं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक, करायला तर फार मजा येते. जागा अगदीच कमी मिळाली तर समुद्रातला खांदेरी कर. टबभर पाण्यात मावतो. 2025 साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत हे तिन्ही आहेत, आणि बारावा जिंजी थेट तामिळनाडूत. काकांना विचार, त्यांनी यांतले किती पाहिलेत. किल्ले पाहिलेला माणूस असेल तर संध्याकाळी तोच बुरुज लिंपायला बसेल.

एवढं मात्र कर. किल्ला वाळेपर्यंत मावळे त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर रांगेत उभे करून ठेवू नकोस. पॉलिशवर ओरखडे उठतात. आमच्याकडे उठले होते.