मांसासाठी होणाऱ्या शिकारीमुळे जंगलातल्या मगरी खरंच कमी होतात का?
हो, होतात; सर्वाधिक फटका मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या दोन प्रकारच्या मगरींना बसतो: बुटकी मगर आणि निमुळत्या तोंडाची मगर. बुटकी मगर साधारण १.५ मीटरची, कातडीत हाडांच्या चकत्या भरलेल्या, म्हणून चामड्याला फारसा भाव नाही, मागणी मांसाला. शिवाय जबडा बांधून ठेवली तर अन्नाविना बरेच दिवस जगते, त्यामुळे बर्फाची सोय नसली तरी दूरच्या बाजारात जिवंतच पोचते. खरी मेख पुढे आहे: अंडी-पिल्लं तशीही मोठ्या संख्येने मरतात, त्यात अंडी घालणाऱ्या माद्या मारल्या गेल्या की भरपाईला कित्येक वर्षं लागतात. मात्र सगळं खापर शिकारीवर फोडू नका; मासेमारीच्या जाळ्यात अडकून बुडणं आणि पाणथळ जंगलं तुटणं हीही मोठी कारणं आहेत.