खोली निवडताना बिलही ठरतं

ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं. खोलीभाड्याचा प्रश्न याही वेळी आलाच आहे.

प्र. वय ७३, पेन्शन मिळते, मुलगा कमावता आहे. आयुष्मान वय वंदना कार्ड मिळेल का? (सातारा)

मिळेल. हे आयुष्मान भारत या सरकारी मोफत उपचार योजनेचं ज्येष्ठांसाठीचं कार्ड. ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) घेत असाल तर मात्र ती योजना आणि हे कार्ड यांतलं एकच निवडावं लागेल. ॲडमिट होण्याआधी, ते रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का आणि तुमचा उपचार बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा.

प्र. एजंट म्हणतो, फॉर्मवर मधुमेह लिहू नका, पाच वर्षांनी कोणी विचारत नाही. (नाशिक)

लिहा. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की कंपनीला लपवलेल्या माहितीवरून क्लेम नाकारता येत नाही, हे खरं. पण फसवणूक सिद्ध झाली तर ही सवलत नाही. आणि त्या पाच वर्षांत ॲडमिट व्हावं लागलं तर? खरं लिहिलंत तर जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. फॉर्म एजंटला भरू देऊ नका. तुमच्या डॉक्टरांसमोर बसून भरा.

प्र. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. पॉलिसी पाच लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा रोज विमा रकमेच्या १ टक्का. आम्ही ८,००० ची खोली चार दिवस घेतली. काउंटरवर सांगितलं, 'फरक तेवढा भरा.' फरक १२ हजारांचा, मग ९० हजार का मागितले? (पुणे)

'फरक तेवढा भरा' हे वाक्य मी क्लेम विभागात असल्यापासून ऐकतो आहे, आणि दर वेळी एखादं म्हातारं माणूस डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन घाबरलेलं असतं. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्यांचे दर बदलतात. म्हणून कंपनी या खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लावते. तुमची मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची, म्हणजे रुपयातले साडेबासष्ट पैसेच मिळणार.

तुम्ही पाठवलेल्या बिलात खोली ३२,०००, सर्जन-थिएटर-नर्सिंग १,२०,००० आणि औषधं, इम्प्लांट, तपासण्या ८८,००० आहेत. खोलीचे १२,००० आणि दुसऱ्या रकमेतले ४५,००० कापले जाणं नियमात बसतं. पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही! कंपनीने तिथेही ३३,००० कापले आहेत. ते लेखी मागा. आयसीयूच्या भाड्यालाही ही कपात लागत नाही. रुग्णालयात खोलीनुसार दर बदलतच नसतील तर ती मुळीच लागत नाही. तसं पत्र रुग्णालयाकडून घ्या. हातमोजे, डायपर यांसारख्या वस्तूंची वजावट वेगळी असते, ती यात मिसळू देऊ नका.

पुढच्या वेळी खोली घेण्याआधी टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयातल्या विम्याच्या काउंटरवर, दोनच गोष्टी विचारा: माझी मर्यादा किती, आणि त्या भाड्यात कोणती खोली बसते? उत्तर लिहून घ्या. रिन्यूअलच्या वेळी मर्यादा नसलेली पॉलिसी परवडते का, हेही जाणत्या सल्लागाराला विचारा.

प्र. डॉक्टरांनी सकाळी घरी जा म्हटलं, मंजुरी रात्री आली. एका दिवसाचं भाडं जास्त लावलं. (ठाणे)

रुग्णालयाची डिस्चार्जच्या मंजुरीची विनंती पोचल्यापासून तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. त्यापुढच्या उशिराचा जादा खर्च कंपनीचा. अंतिम बिल किती वाजता पाठवलं, ते डेस्ककडून लेखी घ्या. बहुतेकदा ते दुपारपर्यंत गेलेलंच नसतं, आणि मग भांडण रुग्णालयाशी आहे.

प्र. वडिलांचा क्लेम दहा महिन्यांपूर्वी नाकारला. तक्रारीवरही नकारच आला. एजंट 'बघतो' म्हणतोय. (कोल्हापूर)

दहा महिने! अंतिम नकारापासून एका वर्षातच विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि पॉलिसीची प्रत घेऊन या आठवड्यात पुण्याच्या लोकपाल कार्यालयाशी बोला. एजंटला नंतर कळवा.