सहा जणांच्या टीमने सीआय क्लाउडवर ठेवावं की ऑफिसातल्या मशीनवर?

सीआय म्हणजे कोड बदलला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी व्यवस्था. तुमचं म्हणणं असं: कोल्हापुरात सहा जणांची टीम, कोड गिटहबच्या प्रायव्हेट रेपोत (कोडच्या खाजगी साठ्यात), दिवसाला साधारण १८ पुश (म्हणजे तितक्या वेळा बदल वर चढतात), बिल्डला ९ मिनिटं. गिटहब स्वतःच्या क्लाउडवर बिल्ड चालवायला देतं ती महिन्याची फुकटची २००० मिनिटं १७-१८ तारखेलाच संपतात. ऑफिसात जुना पीसी पडून आहे, त्यावर जेनकिन्स, म्हणजे स्वतःच्या मशीनवर चालवायचं सीआयचं सॉफ्टवेअर, चढवू का?

नका चढवू. निदान एवढ्याच कारणासाठी तरी नको.

आधी हिशेब. १८ × ९ × २२ दिवस म्हणजे ३,५६४ मिनिटं. वरची १,५६४. लिनक्स रनरचा, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या मशीनचा, मिनिटाला ०.००८ डॉलरचा जुना दर धरला तरी साडेबारा डॉलर, म्हणजे हजार-अकराशे रुपये. आता तो पीसी १०० वॅट खात चोवीस तास चालला तर महिन्याला ७२ युनिट. व्यापारी मीटरवर सात-आठशे तिथेच गेले. वाचलं काय, दोन-तीनशे? त्यात डिस्क भरल्यावर रविवारी गाडी काढून ऑफिस उघडायला कोण जाणार, ते आधी ठरवा. आमच्याकडे मीच जायचो. डॉकरच्या जुन्या इमेज (बिल्डसाठी लागणाऱ्या मोठ्या फायली) साठत जायच्या आणि बिल्ड अशा एररने पडायचा की पोरं तासभर स्वतःच्याच कोडमध्ये चूक शोधत बसायची.

आमचं जेनकिन्स शाहूपुरीत तळमजल्यावर होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली तेव्हा दोघांनी कॅबिनेट उचलून वरच्या मजल्यावर नेलं. मशीन वाचलं, पण लाईटच नाही तर करणार काय? कोड सुरक्षित होता, तो गिटवर. पण जॉब, म्हणजे बिल्डची ठरवलेली कामं, सगळे जेनकिन्सच्या स्क्रीनवर क्लिक करून बनवलेले, पासवर्डही त्यातच. दुसरीकडे उभं करायला हातात काहीच नाही. पुण्याच्या क्लायंटला पुराचं सांगून किती दिवस थांबवणार? म्हणून काहीही निवडा, पाइपलाइनची फाईल, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाईल, रेपोतच ठेवा. जेनकिन्समध्येही जेनकिन्सफाईलची सोय आहे, आम्ही आळस केला.

आता तुमच्या मिनिटांकडे. ती बहुधा अशी वाया जात असणार. गिटहब प्रत्येक जॉब पुढच्या पूर्ण मिनिटाला मोजतं, त्यामुळे २० सेकंदांचे तीन वेगळे जॉब म्हणजे तीन मिनिटं. ते एकत्र करा. डिपेंडन्सी, म्हणजे कोडला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी, कॅशमध्ये ठेवा, दर वेळी उतरवायला नकोत. त्याच ब्रँचवर नवा पुश आला की जुना रन रद्द होऊ द्या, आणि नुसती रीडमी (माहितीची फाईल) बदलली तर बिल्ड चालवूच नका. एवढ्यात भागेल असा माझा अंदाज आहे.

आता उलट बाजू. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी आम्ही भट्टीचं तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर करतो. टेस्टला खरा सर्किट बोर्ड यूएसबीने जोडलेला लागतो, तो क्लाउडवाला कुठून आणणार? तिथे आपलंच मशीन हवं. आयफोनचे बिल्ड असतील तरीही विचार करा; मी पाहिलं तेव्हा मॅकचं एक मिनिट दहा धरायचे, म्हणजे २००० ची २०० झाली. किंवा कोड आवाराबाहेर जाऊ नये अशी क्लायंटची अट असेल तर प्रश्नच मिटला.

पण तेव्हाही अख्खं जेनकिन्स नको, फक्त सेल्फ-होस्टेड रनर टाका, म्हणजे गिटहबची कामं आपल्या मशीनवर चालवणारा प्रोग्राम. तो आतून बाहेर एचटीटीपीएसने जोडून काम मागून घेतो, त्यामुळे स्टॅटिक आयपी नको, राउटरवर पोर्ट उघडायला नको. जेनकिन्सला वेबहुक (नवा कोड आल्याची गिटहबची सूचना) बाहेरून आत यावा लागतो, नाहीतर त्याने दर थोड्या वेळाने रेपो तपासत बसायचं. शिवाय प्लगइनचे अपडेट, ती वेगळीच कटकट.

एक मात्र सांभाळा: पब्लिक रेपोला हा रनर जोडू नका. कुणीही फोर्क करून (रेपोची प्रत घेऊन) पुल रिक्वेस्ट (बदल सामील करायची विनंती) पाठवली तर त्याचा कोड तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कात चालू शकतो.

आमचा रनर आता पहिल्या मजल्यावर आहे, आणि दर रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीने) जुन्या इमेज साफ होतात.