सारंगखेड्याहून आणलेली तीन वर्षांची बछेरी खोगीर टाकलं की उधळते, तिला पाठीवर बसायला कसं शिकवायचं?

पहिलं म्हणजे ते नांगरलेल्या रानात पळवून दमवायचं आणि मग वर बसायचं, हे डोक्यातून काढून टाका. तुम्ही लिहिलंय की बछेरी 50 इंच उंच आहे, म्हणजे पोनीच (लहान चणीचा घोडा), दहा वर्षांच्या मुलीला तिच्यावर बसवायचंय, मोरकीवर (तोंडाभोवतीची दोरी) शहाण्यासारखी चालते, खरारा करून घेते, पण तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला की पाठ वर काढून उधळते, आणि गावातले जाणते म्हणतात दमली की आपोआप गप्प होईल. गप्प होईल हो, दमलेलं जनावर गप्पच असतं, पण त्यात ती शिकली काहीच नाही. उलट रोज पळवून तिचा दम वाढतो, मग तेवढंच दमवायला पुढच्या आठवड्यात जास्त पळवावं लागतं, आणि मऊ रानात अशी रपेट म्हणजे कोवळ्या पायाच्या नसा दुखावल्याच समजा. मऊ मातीचा फायदा एकच, माणूस पडला तर कमी लागतं.

आता वय. विकणारा तीन वर्षं म्हणाला म्हणून तीन धरू नका, तोंड उघडून बघा. घोड्याचे पुढचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांत पडून पक्के येतात, त्याच्या बाजूचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. वर-खाली दोन-दोनच पक्के दिसत असतील तर ती अडीच ते साडेतीनच्या मधली आहे, अजून एकही पक्का दात नसेल तर तिला बाजारात मोठी करून विकलीय. हे महत्त्वाचं अशासाठी की हाडं खालून वर पक्की होत जातात, गुडघ्याच्या वरचं हाड दोन-अडीच वर्षांपर्यंत वाढत असतं आणि पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, पाच वर्षं होऊन गेल्यावर. म्हणजे आपण जिथे वजन ठेवतो तीच जागा सगळ्यात कच्ची. म्हणून तिसऱ्या वर्षी जमिनीवरचं सगळं शिकवायचं, वर बसणं नावापुरतं, आणि खरी रपेट चारच्या पुढे. दात बघताय तेव्हा डॉक्टरांना वरच्या दाढांच्या पुढे बारका खुंटीसारखा दात आहे का तेही बघायला सांगा, त्याच्यावर कडियाळं (लगामाची तोंडातली लोखंडी दांडी) आपटलं की घोडा मान झटकतो आणि आपण म्हणतो हट्टी आहे. धनुर्वाताची लस नसेल दिली तर द्या, घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

दुसरं, बाजारातून आलेलं जनावर कोरं असेलच असं नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी जेवढे घोडे येतात त्यातले बरेच नाचकामासाठी किंवा रेवाल चालीसाठी (बसणाऱ्याला न हादरवणारी जलद चाल) तयार केलेले असतात, आणि ती तयारी बऱ्याचदा काटेरी लगामावर झालेली असते. काटे असलेला लगाम आपल्याकडे 1965 च्या नियमांपासून बेकायदा आहे, तरी मिळतो. तुमच्या बछेरीच्या जिभेवर किंवा ओठाच्या कोपऱ्यात जुने पांढरे वण दिसले तर समजा की तोंडाची भीती आधीच बसलीय. मग कडियाळ्याची घाई अजिबात नको, बरेच दिवस नुसत्या मोरकीवरच काम करा.

आता मुद्द्याचं. घोडा शिकतो ते आपण जोर लावतो तेव्हा नाही, जोर सोडतो तेव्हा. सगळं शिकवणं या एकाच गोष्टीवर आहे. बागडोर (मोरकीला बांधलेली हातातली दोरी) हलकी ओढली, तिने एक पाऊल पुढे टाकलं, त्याच क्षणी दोरी सैल. खांद्यावर बोटं टेकवली, ती बाजूला सरकली, की बोटं काढली. तुम्ही दोन सेकंद उशिरा सोडलंत तर त्या दोन सेकंदांत तिने जे केलं (मान वर केली, कान मागे पाडले) तेच बरोबर होतं असं ती समजते. खोगिराचं नेमकं इथेच बिघडतं, ती उधळते, तुम्ही घाबरून खोगीर उतरवता, आणि तिला कळतं की उधळलं की हे जातं! आणि याच्या उलट करणारेही असतात, उधळली तरी सोडायचंच नाही, खुंटाला बांधून खोगीर दिवसभर तसंच ठेवायचं. त्यात घोडा एकतर दोरीशी झगडून मानेला दुखापत करून घेतो नाहीतर एकदम थिजतो, आणि थिजलेला घोडा मला जास्त धोक्याचा वाटतो कारण तो कधी फुटेल सांगता येत नाही. दोन्हीच्या मधलं करायचं, म्हणजे ती उधळायच्या आधीच थांबायचं, उधळण्याची वेळच येऊ द्यायची नाही.

हे प्रत्यक्षात असं. खोगीर आठवडाभर बाजूला ठेवा आणि एक धुतलेलं गोणपाट घ्या. आधी तिला हुंगू द्या. मग ते खांद्यावर घासा, काढा. पाठीवर टाका, काढा. पुठ्ठ्यावरून, म्हणजे मागच्या भागावरून, खाली घसरू द्या. हे करताना तिच्या तोंडाकडे आणि कानांकडे लक्ष, हाताकडे नाही. श्वास रोखला, डोळा न मिचकावता एकटक झाला, नाकपुडीच्या वर सुरकुती आली की तुम्ही जास्त पुढे गेलात, पण हात लगेच काढू नका, आहे तिथेच ठेवून थांबा. ती लांब श्वास सोडेल, जीभ फिरवेल, तोंड चावल्यासारखं करेल, मान थोडी खाली येईल, तेव्हा गोणपाट काढा आणि दोन पावलं लांब जाऊन उभे राहा. तेवढं लांब जाणं हेच तिचं बक्षीस, गूळ नाही दिला तरी चालतो. गुळाने उलट काही शिंगरं हात चावायला शिकतात. आणि सगळं दोन्ही बाजूंनी करा हो. डावीकडून चढायची पद्धत तलवार डाव्या कमरेला असायची म्हणून पडली म्हणतात, घोड्याला त्याचं काय! घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, डाव्या डोळ्याने शंभरदा पाहिलेलं गोणपाट उजवीकडून आलं की त्याला बऱ्याचदा ते नवीनच वाटतं, म्हणून माणूस एका बाजूने चढून पाय दुसरीकडे टाकतो तेव्हा पहिल्यांदा बसणारे तिथेच पडतात.

गोणपाट झालं की घोंगडी, मग नुसता रुंद पट्टा पोटाभोवती, मग हलकं खोगीर रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) काढून. तंगाचं खास सांगतो कारण तुमची अडचण तिथेच आहे. तंग एका दमात आवळायचा नाही. आधी पट्टा नुसता पोटाला टेकवून हाताने धरायचा आणि सोडायचा, असं बऱ्याचदा. मग खोगीर पुढे-मागे सरकणार नाही इतपतच लावायचा, मोरकी धरून चार पावलं चालवायचं, मग एक भोक, परत चालवायचं, परत एक भोक. उभ्या घोड्याचा तंग ताठ केला आणि मग चालवलं की पहिल्या पावलाला पुढच्या पायामागची कातडी पट्ट्यात चिमटते, तो चिमटा तिला लागतो आणि ती पाठ वर काढते. चार पावलांनंतर पुढचा एक-एक पाय उचलून हलका पुढे ताणा, अडकलेली कातडी सुटते. हे रोज करा, पुढे मोठी झाली तरी करा. पाठ वर काढायचं दुसरं कारण म्हणजे खोगीरच चुकीचं. गोल पोनीच्या पाठीवर मोठ्या घोड्याचं खोगीर बसत नाही, खाली नुसते जाड गाद्यांचे थर टाकून तर अजून डगमगतं. खोगीर ठेवून मागून बघा, मणक्यावर उजेड आरपार दिसला पाहिजे.

रिकिबी नंतर लावा आणि आधी हाताने खोगिरावर आपटून त्यांचा आवाज ऐकवा. मग त्या लोंबत्या ठेवून तिला लंजिंगच्या दोरीवर (आपण मधे उभं राहून घोडा भोवती फिरवायची लांब दोरी) मोठ्या गोलात चालवा, दुडकी थोडीच, गोल लहान असला तर सांध्यांवर ताण येतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत बंद. दोरी हाताभोवती कधीही गुंडाळायची नाही, घड्या करून धरायची, बोटं गेलेली माणसं आहेत.

पोनीची एक वेगळीच पंचाईत असते जी मोठ्या घोड्याला नसते. ज्याला येतं तो माणूस वजनाला जास्त, आणि जिचं वजन चालतं त्या मुलीला येत नाही. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, गुणिले अंगाची लांबी (खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत), भागिले 11880, किलोमध्ये अंदाजे वजन येतं. समजा घेर 145 आणि लांबी 125 आली तर साधारण 221 किलो. मोठ्या घोड्याला खोगिरासकट वजनाच्या 20 टक्के चालवतात, कच्च्या पाठीला मी 15 च धरतो, म्हणजे 33 किलो. तुमची मुलगी दहा वर्षांची, खोगीर पाच किलोचं धरलं तर जेमतेम बसतंय, तुम्ही स्वतः नाही. सामान वाहणाऱ्या तट्टावर 70 किलोपेक्षा जास्त लादू नये असा नियम आहे, काही लोक तो दाखवून म्हणतात बसा की बिनधास्त, पण तो पूर्ण वाढलेल्या कामाच्या तट्टासाठी आहे, बछेरीसाठी नाही.

यावर उत्तर म्हणजे दोन लांब दोऱ्या. मोरकीच्या (पुढे कडियाळ्याच्या) दोन्ही बाजूंनी दोन लांब दोऱ्या खोगिराच्या कडीतून मागे घ्यायच्या आणि तिच्या मागून, लाथेच्या बाहेर राहून, चालायचं. टांग्याचा घोडा असाच तयार करतात. थांब, चल, डावीकडे, उजवीकडे, दोन पावलं मागे, सगळं तुम्ही पायी चालत शिकवू शकता, तिच्या पाठीवर एक किलो न ठेवता. आधी त्या दोऱ्या मागच्या पायांना लागायची सवय करून घ्या मात्र. मी तर म्हणेन दोन महिने हेच करा. रस्त्याने, शेताच्या बांधाने, ओढ्यातून. घोडा पुढे कोणी नसताना स्वतः पुढे जायला शिकतो, त्याला धीर म्हणतात तो इथे येतो, गोल रिंगणात फिरवून नाही.

बाहेरच्या जगाची ओळख करून देताना एक जुनी शांत घोडी सोबत असली तर निम्मं काम तीच करते. नसेल तर म्हैसही चालते, हसू नका, ओळखीची असेल तर खरंच चालते. आमच्याकडे साताऱ्याच्या बाजूला ऊसतोडीच्या दिवसांत दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून येतो, त्याच्याइतकं भयंकर काही नाही घोड्याला. अशा वेळी रस्त्याकडेला दोरी घट्ट धरून उभं राहायचं नाही, आधीच शेतात वीस-तीस फूट आत जायचं, तिचं तोंड ट्रॅक्टरकडे करायचं आणि बघू द्यायचं, कारण घोड्याला न दिसणाऱ्या गोष्टीची भीती जास्त. ट्रॅक्टर पुढे गेला की त्याच्या मागून थोडं चालत जा. जाणाऱ्या वस्तूच्या मागे जायला मिळालं की घोड्याला जोर येतो, आपणच त्याला हाकलतोय असं वाटतं बहुतेक. पुलाचे पांढरे रंगवलेले कठडे, डबकी, वाऱ्यावर उडणारा शेततळ्याचा कागद, सगळ्याला हेच, लांबून सुरुवात आणि ती सैल झाली की वळून परत. दिवाळीत फटाके असतील ते चार दिवस बाहेर काढूच नका.

पहिल्यांदा वर बसणं यानंतर फार मोठी गोष्ट राहत नाही. एखादा हलका, हात मऊ असलेला, पंधरा-सोळा वर्षांचा रायडर शोधा, तो 33 किलोचा मिळणार नाही, थोडं वजन वर जाईल, पण त्याचं काम पाच मिनिटांचं असतं. ओट्यावर किंवा ठोकळ्यावर उभं राहून आधी पोटावर आडवं पडायचं, तुम्ही मोरकी धरलेली, उतरायचं. तेच उजवीकडून. वर हात हलवायचे, कारण डोक्यावर काहीतरी हलणं हे तिला नवीन. ती निवांत राहिली तर दुसऱ्या दिवशी पाय टाकून हळू बसायचं, आयाळ धरायची, लगाम नाही, आणि तुम्ही चार पावलं चालवायचं. पाठीवरच्या माणसाने काहीच करायचं नाही, हुकूम जमिनीवरूनच यायचे, ओळखीच्या आवाजात. हेल्मेट प्रत्येक वेळी, टाचेचा बूट, आणि हे काम भरल्या पोटी किंवा दुपारच्या उन्हात नको.

वर बसल्यावर ती अडली, पुढे जाईना, तर टाचा मारू नका. मान एका बाजूला हलकी वळवा म्हणजे मागचा पाय आपोआप सरकतो आणि घोडा सुटतो. दोन्ही लगाम ओढून टाच मारली तर पुढे जायची सोय नाही, मागे जायची सोय नाही, मग तो वर उभा राहतो. आणि दाणा बघा किती देताय. कामच नसलेल्या बछेरीला हरभरा आणि ओट भरपूर घालून मग "फार तापट आहे" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात, गवत-कडबा वाढवा, दाणा कमी करा, निम्मा तापटपणा तिथेच जातो.

येत्या दिवाळीपर्यंत मुलीला एकटीला चालवता येईल का, असं शेवटी विचारलंय, तर नाही. तोपर्यंत ती बछेरीला खरारा करेल, खोगीर लावेल, तुमच्यासोबत लांब दोऱ्या धरून चालेल, आणि तुम्ही बागडोर धरलेली असताना दहा मिनिटं वर बसेल. मुलीला या वर्षभरात एखाद्या क्लबमधल्या म्हाताऱ्या, कशालाच न बुजणाऱ्या घोड्यावर शिकू द्या. दोघीही नवशिक्या असल्या की एकीची भीती दुसरीला लागते. बछेरीचे बाजूचे पक्के दात आले, लांब दोऱ्यांवर गावातून बाजाराच्या दिवशी निवांत जायला लागली, की मग लंजिंगच्या दोरीवर मुलीला दुडकीवर घ्या आणि दोरी कधी सोडायची ते मुलीचे हात बघून ठरवा. पडताना तोल लगामावर सावरत असेल तर अजून सोडू नका.