गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत रोज खिशात ठेवायला कोणता चाकू घ्यावा? महागड्या चाकूचे पैसे वसूल होतात का?

तुमचा प्रश्न असा: म्हापशात राहता, रोज खिशात घडीचा चाकू ठेवायचा आहे. बाजारात दोनशे रुपयांना मिळतो आणि ऑनलाइन आठ-दहा हजारांनाही. हा फरक नेमका कशाचा, आणि इथल्या हवेत कोणतं पोलाद टिकेल?

मी पेडण्याचा. घरची थोडी माडांची आणि काजूची बागायत, जमेल त्या संध्याकाळी तेरेखोलच्या खाडीवर गरी टाकून बसणं. गेली वीसेक वर्षं चाकू खिशात नाही असा दिवस विरळाच. एवढ्या वर्षांत माझे जे चाकू कामातून गेले, त्यांतला एकही केवळ धार गेली म्हणून गेला नाही. धार परत लावता येते. ते गेले सांध्यात साचलेल्या मिठाने, फुगलेल्या मुठीने आणि ढिल्या लॉकने. म्हणून पैसे मोजण्याआधी सांधा आणि मूठ बघा, पोलादाचं नाव त्यानंतर.

एका चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी स्टुलावर उभा राहून माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधत होतो. डाव्या हातात सुपारीचा घड, केवणीचा दोर दातांत आणि उजव्या हातात आठ नंबरचा ओपिनेल, म्हणजे लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू. पातं बाहेर येईना. श्रावणभर पावसाने आणि घामाने भिजून बीच लाकडाची मूठ फुगली होती आणि पात्याला घट्ट धरून बसली होती. शेवटी बायकोने स्वयंपाकघरातली कोयती आणून दिली, तेव्हा दोर कापला.

तरीही ओपिनेल हा चाकूच्या रचनेचा उत्तम नमुना आहे, असंच मी म्हणेन. जोसेफ ओपिनेल यांनी फ्रान्समधल्या साव्हॉय भागात १८९० मध्ये तो घडवला. एक पातं, एक लाकडी मूठ, एक खिळा, आणि १९५५ पासून पातं अडकवणारं फिरतं कडं. साव्हॉयमध्येही मूठ फुगतेच. मग तिथले लोक मुठीचं बूड टेबलावर ठोकतात आणि पात्याचं टोक वर येतं. मी माझा चाकू उन्हात चांगला वाळवला, मुठीतली खाच पॉलिश पेपरने किंचित रुंद केली आणि लाकडात तीन वेळा जवसाचं तेल मुरवलं. त्यानंतरच्या पावसाळ्यांत तो अडकला नाही. पण एवढा खटाटोप करायचा नसेल, तर नायलॉनची किंवा फायबरग्लासच्या थरांची, जिला जी-टेन म्हणतात ती, मूठ घ्या. दिसायला ती लाकडासारखी सुंदर नाही, पण पाणी पीत नाही.

ओपिनेलचं पातं दोन मिलिमीटरहूनही पातळ असतं. उलट फोटोत रुबाबदार दिसणाऱ्या कित्येक चाकूंची पाती साडेतीन-चार मिलिमीटर जाड असतात. असा चाकू कैरीत घातला की पहिल्या बोटभर अंतरानंतर कैरी कापली जात नाही, पाचरीने लाकूड फुटावं तशी फुटते. वर कितीही धार लावा, पाठीमागची जाडी आडवी येतेच. रोजच्या कामाला, म्हणजे दोरी, गोणी, ठिबकची नळी, फळं, मासळी यांसाठी, पातळ पातंच हवं.

आता पोलाद. स्टेनलेस म्हणवून घ्यायला साधारण साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच चाकूंवर डी-टू हे पोलादाचं नाव लिहिलेलं असतं. त्यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास, तरीही माझा डी-टूचा चाकू खाडीवरच्या दोन फेऱ्यांतच तांबूस ठिपक्यांनी भरला. त्यात कार्बनही दीड टक्का असतो. तो क्रोमियमला धरून कार्बाइडचे कठीण कण बनवतो, आणि पृष्ठभागावर गंज अडवणारा पापुद्रा धरायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. धार मात्र डी-टूची खूप टिकते. कोरड्या गावात मी तो आनंदाने वापरला असता.

आपल्याकडे मला स्वीडनचं १२सी२७ नावाचं पोलाद सगळ्यांत पटतं. कार्बन ०.६ टक्के, क्रोमियम साडेतेरा टक्के. धार डी-टूइतकी टिकत नाही, पण साध्या दगडावर दहा मिनिटांत परत येते आणि गंज सहसा धरत नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूंचं पोलादही याच स्वभावाचं, कठीणपणा रॉकवेलच्या मापाने ५६ च्या आसपास. घरात धारेचा दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडाही त्याला पुरते. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, किंवा ट्रॉलरवर रोज खाऱ्या पाण्यात हात असणाऱ्याने मात्र स्पायडर्को या अमेरिकी कंपनीच्या सॉल्ट मालिकेतलं जपानी एच-वन पोलाद किंवा आता त्याच्या जागी आलेलं एच-टू बघावं. त्यात कार्बन अगदी थोडा असतो. अमेरिकी धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी तयार केलेलं, २०२१ मध्ये बाजारात आलेलं मॅग्नाकट हे पोलाद गंजाला आणि झिजेला दोन्हीला पुरून उरतं. पण ते महाग, आणि त्याला धार लावायला हिऱ्याची पट्टी असलेली बरी. तुम्ही म्हापशात, रोज ऑफिसला जाणार असाल, तर त्यासाठी आठ-दहा हजार घालवण्याची गरज मला दिसत नाही.

साधं कार्बन पोलाद गोव्यात चालतच नाही असंही समजू नका. रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ माडावर चढतो आणि पोयीचा, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचा, पातळ काप काढतो. त्याची काती, म्हणजे कापायचं पातं, साध्या पोलादाची, तरी कशी लखलखते बघा, कारण ती रोज पुसली जाते, रोज परजली जाते. आठवडाभर ड्रॉवरमध्ये पडून राहणाऱ्या चाकूला ते भाग्य नसतं.

दोनशे आणि दोन हजारांतला फरक मला लोहाराच्या भट्टीजवळ बसून कळला. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा तो कोयता करतो. पाट्याचं पोलाद चांगलंच असतं, पण सगळी करामत पाणी देण्यात. तापलेलं पातं किती लाल असताना बुडवायचं, मग पुन्हा किती शेकायचं, हे चुकलं तर धार एक तर वळते नाही तर तिचा टवका उडतो. पात्यावर पोलादाचं नाव छापलेलं असतं, त्याला पाणी कसं दिलं ते छापलेलं नसतं. चांगल्या कारखान्याला आपण जास्तीचे पैसे देतो ते बरेचसे याचेच. दोनशेच्या चाकूचं पातं काथ्याच्या चार दोऱ्या कापल्या की वळतं.

लॉकबद्दल कळकळीने सांगतो. किनाऱ्यावरच्या एका दुकानातून मी एक स्वस्त, चकचकीत चाकू घेतला होता. मुठीतली पत्र्याची पट्टी पात्याच्या मागे येऊन अडकते, तो लायनर लॉकचा प्रकार. पट्टी जेमतेम टेकत होती, हे मी घेताना पाहिलंच नाही. सुकी फांदी छाटताना ती सरकली, पातं तर्जनीवर मिटलं आणि पाच टाके पडले. थंडीत ते बोट अजून बधिर होतं. तुम्ही चाकू उघडून ती पट्टी पात्यामागे पुरती येते का ते पाहा. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर हलकेच ठोका. जराही मिटला तर परत करा. सांध्याला खिळ्याऐवजी स्क्रू असेल तर अधिक चांगलं, खोलून आतलं मीठ धुता येतं.

कायद्याचं थोडक्यात: शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरकाम, शेती, उद्योगासाठीचे सोडून. तुम्हाला सात-आठ सेंटिमीटरच्या वर पातं लागणारच नाही. खटका दाबताच उघडणाऱ्याच्या नादी लागू नका. मोपा असो वा दाबोळी, विमानाला जाताना चाकू सामानात टाका, हातातल्या बॅगेत राहिला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

तुमच्या जागी मी असतो तर मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांब असणारा व्हिक्टोरिनॉक्स किंवा प्लास्टिकच्या मुठीचा स्टेनलेस ओपिनेल घेतला असता. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं लॉक होत नाही, तेव्हा त्याने टोचायचं, खुपसायचं काम करू नका. मासळी किंवा भिंडां, म्हणजे कोकमाची फळं, कापल्यावर गोड्या पाण्यात उघड-मीट करत धुवा, पुसा, सांध्यात खोबरेल तेलाचा एक थेंब सोडा. फणस कापायच्या आधी पात्यालाही तेच तेल लावा, म्हणजे चीक धरत नाही. आणि जून ते सप्टेंबर चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि स्टेनलेस पात्यावरही डाग पडतात.