इंजेक्शनची तारीख पुढे ढकलून पैसे वाचतात का?

वाचकाचा प्रश्न: "वडील ७२ वर्षांचे, सहकारी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त. पेन्शन नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांत पसरलेला. दर बारा आठवड्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन (१४,००० रुपये) आणि रोज अ‍ॅबिराटेरोनच्या चार गोळ्या (महिन्याला ९,५०० रुपये) चालू आहेत. पीएसए (रक्तातला या कॅन्सरचा आकडा) उतरून ०.४ वर आलाय. मी अक्कलकोट रोडला सहा मागांवर टॉवेल काढतो, महिन्याला सरासरी ४५,००० सुटतात. वडिलांचे १२ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहेत, तिसरं वर्ष चालू आहे. ते मोडू की दोन माग विकू? मागांचे १ लाख ६० हजार येतायत. डॉक्टर म्हणाले होते, इंजेक्शनाऐवजी एकदाच अंडकोषाचं ऑपरेशन करता येतं, ३५,००० खर्च येईल. पण वडिलांपुढे हा विषय काढायला जीभ रेटत नाही. सध्या ओढाताण नको म्हणून तीन आठवडे चारऐवजी दोनच गोळ्या देतोय, त्याही नाश्त्याबरोबर. सोबतची स्टेरॉइडची गोळी शुगर वाढते म्हणून थांबवली. पुढचं इंजेक्शन चार महिन्यांनी घ्यावं म्हणतोय. पुण्यातला एक ओळखीचा बिलाशिवाय ११,०००ला द्यायला तयार आहे." – एक टॉवेल कारखानदार, सोलापूर

नमस्कार.

पैशाचं नंतर बोलू. आधी उद्या सकाळी डॉक्टरांना फोन लावा आणि मला जे लिहिलंत तेच शब्द त्यांना सांगा: गोळ्या निम्म्या केल्या, नाश्त्याबरोबर दिल्या, स्टेरॉइड बंद केलं. ते रागावतील. रागावू द्या. पण तुम्ही सांगितलं नाहीत, तर पुढचा रिपोर्ट ते चार गोळ्यांचा समजून वाचतील.

मी डॉक्टर नाही. पण या औषधांचा खर्च सांभाळणारी बरीच घरं माझ्या टेबलासमोर बसून गेली आहेत, आणि काटकसर जवळजवळ प्रत्येकाची तुमच्यासारखीच असते. मोठी रक्कम दिसते तिथे कात्री लागते.

या कॅन्सरला पुरुषांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन खाद्य पुरवतं. इंजेक्शन अंडकोषांतलं उत्पादन बंद पाडतं. तरी थोडं टेस्टोस्टेरॉन मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत आणि खुद्द गाठीत बनतच राहतं, ते अ‍ॅबिराटेरोन अडवतं. पीएसए ०.४ आलाय तो या दोन कुलपांमुळे. ते आकडे बघून कुलूप काढायचं नसतं. इंजेक्शनाचा असर ठरावीक दिवस टिकतो. चार महिन्यांवर नेलंत तर मधल्या आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन पुन्हा डोकं वर काढू शकतं. ते दर डेसिलिटर रक्तात ५० नॅनोग्रॅमच्या खाली राहायला हवं, आणि ते रक्ताच्या तपासणीत कळतं. वडिलांची ही तपासणी कधी झाली होती, तेही उद्याच विचारा.

आता गोळी. अ‍ॅबिराटेरोन रिकाम्या पोटी घ्यायची असते: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. कारण अन्नाबरोबर घेतली की औषध रक्तात कितीतरी पट जास्त उतरतं, आणि किती पट ते नाश्त्यातल्या तेलातुपावर ठरतं. एक दिवस इडली, एक दिवस कडक भाकरी आणि तेल घातलेली शेंगाचटणी. म्हणजे वडिलांना रोज किती औषध मिळतंय हे आज तुम्हालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

गंमत अशी की तुमच्या या चुकीच्या शेजारीच एक खरी बचत बसली आहे. चारऐवजी एकच गोळी, हलक्या नाश्त्याबरोबर, असा एक छोटा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ७२ रुग्ण होते, आणि पीएसएवरचा परिणाम पूर्ण डोसइतकाच दिसला. काही कॅन्सरतज्ज्ञ परवडत नसलेल्या रुग्णांना विचारपूर्वक तसा डोस देतात. तुमच्या हिशेबात ९,५००चे जेमतेम २,४०० होतील. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा, "आम्हाला पूर्ण डोस झेपत नाही, कमी डोस नाश्त्याबरोबर चालेल का?" हो म्हणाले तर चिठ्ठीवर लिहून घ्या. नाही म्हणाले तर चार गोळ्या, रिकाम्या पोटी. मधला कुठलाही मार्ग घरच्या घरी काढायचा नाही.

स्टेरॉइडची गोळी दिवसाला काही रुपयांची, म्हणून ती बिनमहत्त्वाची वाटते. पण अ‍ॅबिराटेरोनमुळे शरीरातलं कॉर्टिसॉल कमी पडतं, ती खोट ही गोळी भरून काढते. ती नसेल तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं, पायांवर सूज येते. आणि रोज घेतलेलं स्टेरॉइड एकाएकी तोडणं हाही वेगळा धोका. शुगर वाढतेय तर शुगरचं औषध वाढवायचं, हे तुम्ही नाही, डॉक्टर ठरवतील.

हे सगळं आर्थिक सल्ल्यात का लिहितोय? कारण तुमच्या पत्रात इंजेक्शन आहे, गोळ्या आहेत, पण तपासण्यांचा एक रुपयाही नाही. सुरुवातीचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी यकृताची तपासणी, बीपी, पोटॅशियम, पुढे महिन्याला. शिवाय टेस्टोस्टेरॉन नसल्याने हाडं ठिसूळ होतात, साखर आणि हृदयाची तक्रार वाढू शकते. हाडांच्या घनतेची तपासणी एकदा करून घ्या. घरात पडून खुबा मोडला, तर मी खाली मांडलेला सगळा हिशेब एका रात्रीत कोलमडेल. बाथरूममध्ये दांडी आणि रबरी मॅट बसवा, पाचशे-हजाराचं काम आहे.

आता मांडणी. बारा आठवडे म्हणजे तीन महिने नव्हेत, हे आधी लक्षात घ्या. तीन वर्षांत इंजेक्शनं १२ नाही, १३ होतात. वर्षाला सरासरी ६०,७००. गोळ्या १,१४,०००. तपासण्या, फेऱ्या, रिक्षा यांचे २०,००० धरू. एकूण १,९४,७००, म्हणजे महिन्याला १६,२००च्या आसपास. आणि हा खर्च एकदा करून मोकळं होण्यातला नाही. औषध लागू पडलं, तर तो वर्षानुवर्षं चालेल, आणि तसा चालावा अशीच आपली इच्छा आहे. मग तो दर महिन्याच्या आवकेतून भागवायचा. मुद्दल फोडायचं ते अगदी शेवटी.

दोन माग विकले तर? सहा मागांवर ४५,००० सुटतात, म्हणजे ढोबळ मानाने दोन मागांचे १५,०००. तुम्हाला १ लाख ६० हजार मिळतील, ते दहा महिन्यांत औषधाला संपतील. त्याच दहा महिन्यांत दीड लाखाची कमाई बुडेल. हातात उरले दहा हजार आणि चार माग. मंदी आहे, सुताचे भाव परवडत नाहीत, हे सगळं रोज ऐकतो, तरीही नाही. चालता माग विकायचा नाही.

ज्येष्ठ नागरिक योजनेचे १२ लाख, ८.२ टक्क्यांनी वर्षाला ९८,४०० देतात. दर तिमाहीला २४,६००. हे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या १ तारखेला जमा होतं, म्हणजे जवळजवळ इंजेक्शनाच्याच ठेक्यावर. त्यातून १४,००० इंजेक्शनाला गेले तरी दहा हजार शिल्लक राहतात. खातं मोडलंत तर दोन वर्षं पूर्ण झाल्याने एक टक्का, म्हणजे १२,००० कापले जातील. त्यातून लागतील तेवढेच काढू म्हणाल तर तशी सोय नाही, खातं पूर्ण बंद करावं लागतं. टीडीएसची काळजी नको. ज्येष्ठांसाठी व्याजाची मर्यादा एप्रिल २०२५ पासून एक लाख आहे, फक्त त्याच पोस्टात किंवा बँकेत दुसरी ठेव असेल तर ती मिळवून बघा. आणि हो, नॉमिनी कोण लावलाय ते आत्ताच तपासा.

म्हणजे महिन्याला व्याजाचे ८,२०० आले, ८,००० कमी पडतात. तुमच्या ४५,०००मधून ते जड आहेत, पण अशक्य नाहीत. ते आणखी कमी करायच्या तीन जागा दिसतात.

पहिली सरकारी कार्डाची. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासूनची योजना आहे, कार्ड आधारवरून निघतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनाही आता सर्व रेशनकार्डधारकांना लागू आहे. ती जेव्हा राजीव गांधी जीवनदायी नावाने २०१२ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं. तरीही माझ्याकडे येणारी निम्मी माणसं "ते आपल्यासाठी नसतं हो" म्हणून मोकळी होतात. सिव्हिलमध्ये किंवा योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलाशी जा आणि तीन प्रश्न विचारा: ऑपरेशन बसतं का, इंजेक्शन बसतं का, महिन्याच्या गोळ्या बसतात का. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, म्हणून "कॅन्सर बसतो का?" असं मोघम विचारू नका. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयातही एक फेरी मारा, एसटीने दोन तासांत पोचाल.

दुसरी जागा औषधाच्या भावाची. कॅन्सरच्या जेनेरिक औषधांत छापील किंमत आणि प्रत्यक्ष मिळणारा भाव यांत मोठी फट असते. सरकारने २०१९ साली ४२ कॅन्सर औषधांवरचा व्यापाऱ्यांचा नफा ३० टक्क्यांवर बांधला, तो याच कारणाने. ब्रँडचं नाव न घेता "अ‍ॅबिराटेरोन २५०, १२० गोळ्या" असं म्हणून रुग्णालयाच्या औषध दुकानात, जनऔषधी केंद्रात आणि दोन केमिस्टांकडे भाव काढा. सूत घेताना चार व्यापाऱ्यांना फोन करता, तसंच.

पुण्याच्या ओळखीच्या माणसाला मात्र नमस्कार करा. बिल नाही म्हणजे बॅच नंबरचा पुरावा नाही, तक्रारीला जागा नाही, योजनेत किंवा मदतनिधीत दाखवायला कागद नाही. शिवाय यातली काही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि मे महिन्यात एसटीच्या टपावरून किंवा ड्रायव्हरच्या केबिनमधून आलेलं पार्सल सोलापूर स्टँडवर उतरताना किती अंशांवर असेल ते तुम्हीच सांगा. यातून वाचणार होते ३,०००.

कराचं एका वाक्यात: गंभीर आजाराच्या खर्चावरची करवजावट (८०डीडीबी) जुन्या प्रणालीतच मिळते आणि तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत करच बसत नाही, त्यामुळे कुणी ते फॉर्म भरून देतो म्हणून फी मागितली तर देऊ नका. आता नवा आरोग्यविमा काढून हा कॅन्सर त्यात बसवतो म्हणणाऱ्या एजंटालाही तोच न्याय.

तिसरी जागा म्हणजे तुम्ही ज्यावर गप्प आहात ते ऑपरेशन. फक्त आकडे बघायचे तर ३५,००० हे इंजेक्शनाच्या सात महिन्यांच्या खर्चात वसूल होतात, योजनेत बसलं तर पहिल्याच दिवशी. मग महिन्याची तूट ८,०००वरून ३,०००वर येते. हे गरिबांचं दुय्यम औषधही नव्हे. या कॅन्सरवर हार्मोन अडवायचा उपाय १९४१ साली चार्ल्स हगिन्स यांनी दाखवला तो याच शस्त्रक्रियेने, आणि त्यांना १९६६चं नोबेल मिळालं. टेस्टोस्टेरॉन खाली आणण्यात ती इंजेक्शनाच्या तोडीची आहे. वर तारीख चुकायची भीती कायमची जाते. दुष्परिणाम मात्र तेच राहतात: अंगातून वाफा निघणं (आपल्या एप्रिल-मेमध्ये तो विशेष त्रास), थकवा, हाडांची झीज. गोळ्याही चालू राहतात. आणि केलेलं परत फिरवता येत नाही.

म्हणून हा निर्णय माझा नाही, तुमचाही नाही. काही पुरुषांना तारखा सांभाळण्यापेक्षा एकदाच मोकळं होणं बरं वाटतं, काहींना ती कल्पनाच सोसत नाही. दोन्ही बरोबर. तुमची जीभ रेटत नसेल तर डॉक्टरांनाच वडिलांसमोर पुन्हा दोन्ही पर्याय सांगायला लावा आणि तुम्ही पाच मिनिटं बाहेर बाकावर जाऊन बसा. ३५ वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजलेला माणूस आहे. स्वतःच्याच १२ लाखांचं काय चाललंय हे त्याला कळत नसेल असं समजू नका.

पैशाशी संबंध नसलेलं एकच. आजार हाडांत आहे, त्यामुळे पायांत एकदम अशक्तपणा, बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी रुग्णालय गाठायचं. त्यासाठी ५०,००० बचत खात्यात बाजूला ठेवा, सुताच्या उधारीत फिरवू नका. आणि घरात कोणी गरोदर असेल तर या गोळ्या तिच्या हाताने काढून द्यायला लावू नका.

मागच्या इंजेक्शनाच्या तारखेपासून ८४ दिवस मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. त्याच्या आठ दिवस आधी मला तीन गोष्टी कळवा: डॉक्टर डोसबद्दल काय म्हणाले, आरोग्यमित्राने काय सांगितलं आणि गोळ्यांचे चार ठिकाणचे भाव. मग त्या ८,०००चा आकडा पुन्हा मांडू.