काच वर करून ऐकलेली गाणी

गेल्या अंकात आम्ही या सदरातून वाचकांना विचारले होते की, असे कोणते गाणे आहे जे आपल्याला मनापासून आवडते, पण चारचौघांत तसे कबूल करायला जीभ रेटत नाही. आलेल्या बहुतेक पत्रांच्या शेवटी ‘कृपया नाव छापू नये’ अशी विनंती आहे. ती पाळून, आणि जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर करून, त्यांतील चार पत्रे उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : मी चौतीस वर्षे शास्त्रीय गायन शिकवले. निवृत्तीनंतर मुलाच्या मोटारीतून तंबोऱ्याची जवारी काढून (म्हणजे तारांचा नाद नीट करून) आणण्याच्या निमित्ताने किंवा निमित्तावाचूनही मी सांगलीहून मिरजेला जातो, आणि त्या रस्त्यावर दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील गाणी लावतो. परवा सिग्नलला माझी एक विद्यार्थिनी स्कूटरवरून शेजारी येऊन उभी राहिली. मी आवाज कमी करण्याऐवजी घाईघाईने काच वर केली आणि भर मे महिन्यात घामाघूम होऊन तिच्याकडे पाहून हसलो. या वयात हे काय चालले आहे माझे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पहिली गोष्ट अशी की, काच वर केल्याने आपला बचाव झालेला नाही. काचेने शब्द अडतात, पण ढोलकीचा ठोका बाहेर जातोच. म्हणजे गाण्यातला वात्रटपणा तेवढा मोटारीत राहिला आणि ठेका आपल्या विद्यार्थिनीपर्यंत पोहोचला. ती तालाची कच्ची नसेल, तर तिने गाणे ओळखलेही असेल.

आता मुद्द्याचे. आपल्याला लाज वाटते ती चालीची, शब्दांची, की त्या गाण्याभोवती जमणाऱ्या मंडळींची, हे आपण स्वतःला विचारून पाहावे. चालीची लाज वाटत असेल तर एक आठवण देतो. दादांच्या चित्रपटांना ज्या राम-लक्ष्मण यांनी संगीत दिले, त्या जोडनावाने पुढे एकटे विजय पाटीलच काम करत राहिले. जोडीदाराच्या निधनानंतरही त्यांनी ते नाव सोडले नाही. १९८९ आणि १९९४ साली गाजलेल्या ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ या ज्या दोन हिंदी कौटुंबिक चित्रपटांच्या गाण्यांवाचून त्यानंतर कित्येक वर्षे मध्यमवर्गीय घरातले एकही लग्न पार पडले नाही, ते संगीतही त्यांचेच. तेव्हा आपल्या नात्यातल्या एखाद्या लग्नात आपण ज्या गाण्यावर सभ्यपणे टाळ्या वाजवल्या असतील, ते गाणे आणि मोटारीतले गाणे एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेले असण्याचा संभव बराच आहे. एकाला आपण घरात बसवले आणि दुसऱ्याला ओसरीवरच थांबवले, एवढेच.

आपल्या क्षेत्रात तर ही बसवाबसवी सतत चालत आली आहे. ज्या हार्मोनियमवर आपण चौतीस वर्षे शिकवले, तिला १९४० साली आकाशवाणीवर बंदी घालण्यात आली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. परदेशी वाद्य, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) निघत नाही, श्रुती (सुरांमधली सूक्ष्म अंतरे) सांभाळल्या जात नाहीत, अशी कारणे दिली जात होती, आणि ती सगळीच खोटी होती असेही नाही. पुढे १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात चित्रपटगीतांवर गंडांतर आले. जनतेची अभिरुची सुधारावी हा त्यांचा हेतू प्रामाणिक असेल, पण जनतेने रेडिओची सुई सरकवून, चित्रपटगीते ऐकवणारे रेडिओ सिलोन (आताच्या श्रीलंकेतले केंद्र) लावले. बुधवारी रात्री आठ वाजता तेथल्या ‘बिनाका गीतमाला’तला अमीन सायानी यांचा आवाज ज्यांच्या घरी लागत असे, त्यांत सकाळी आकाशवाणीवरचा ख्याल ऐकणारी घरेही होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. चोरून ऐकण्याची सवय आपल्याला अशी थेट दिल्लीहून लावून मिळालेली आहे.

आमचे गुरुजी चित्रपटगीत गुणगुणणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी पुढची तालीम देत नसत. एका पहाटे आम्ही दोघे जण ठरल्या वेळेच्या आधी पोहोचलो, तेव्हा ते न्हाणीघराबाहेर आरशासमोर गालाला साबण लावून उभे होते आणि एका फडाच्या लावणीचा मुखडा म्हणत होते. वस्तरा गळ्याजवळ आला की गाणे थांबत असे आणि वस्तरा उचलला की नेमक्या त्याच मात्रेवरून पुढे सुरू होत असे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, वस्तरा पाण्यात बुडत होता. आम्हाला पाहिल्यावर ते ओशाळले नाहीत. ‘ही जागा तुमच्यापैकी कोणाला घेता येते का बघा,’ म्हणाले आणि तोंड पुसून तीच जागा त्यांनी आम्हाला दोनदा घेऊन दाखवली. दुसऱ्या दिवसापासून तालीम पुन्हा पूर्वीसारखीच कडक सुरू झाली. मला आजही वाटते की, त्यांच्या त्या कडकपणात आणि त्या गुणगुणण्यात त्यांना स्वतःला काही विसंगती दिसत नव्हती.

आणि मोठ्या माणसाचा दाखलाच हवा असेल तर कुमार गंधर्वांचा घ्यावा. लता मंगेशकरांवरील लेखात त्यांनी, चित्रपटसंगीताने लोकांचे कान बिघडवले हा आरोप फेटाळून, उलट ते सुधारले असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या गाण्यांना हे प्रमाणपत्र जसेच्या तसे लागू पडेल असा माझा दावा नाही. पण पुढच्या वेळी सिग्नलला काच अर्धी तरी उघडी ठेवावी. मे महिन्यात तब्येतीलाही ते बरे.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करते. डिसेंबरमध्ये आमच्या चमूतील सर्वांनी ‘वर्षभरात सर्वाधिक ऐकलेली गाणी’ ही ॲपने काढून दिलेली यादी ऑफिसच्या गटावर टाकली. कोणाच्या यादीत जॅझ होते, कोणाच्या यादीत कोरियन बँड. माझ्या यादीत आनंद शिंदे आणि नव्वदच्या दशकातली ती बेवफाईची हिंदी गाणी होती, कारण माझे वडील रिक्षा चालवत आणि शाळेतून घरी येताना तीच लागलेली असत. मी दुसरीच यादी तयार करून टाकली. तिचे कौतुकही झाले. तेव्हापासून मला बेचैन वाटते आहे, पण ते गाण्यांमुळे की खोटेपणामुळे, हे कळत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्हाला गाण्यांची लाज वाटत नाही, हे पत्रातच दिसते. ज्या गोष्टीची माणसाला लाज वाटते ती तो वर्षभर ऐकत नाही. तुम्हाला भीती वाटली ती यादीवरून कोणी तरी रिक्षापर्यंत पोहोचेल याची, आणि ती भीती अगदीच निराधार होती असे सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. आवडीनिवडीवरून माणसाचे घर ओळखले जाते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिय यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात हेच पाहणीच्या आधारे मांडले होते. कोणाला बाखची पियानोवरची रचना आवडते आणि कोणाला ‘ब्लू डॅन्यूब’ ही लोकप्रिय नाचाची धून, यावरून त्या माणसाचे शिक्षण आणि व्यवसाय यांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो, असे त्यांना आढळले. आपल्याकडे ‘ब्लू डॅन्यूब’च्या जागी कोणती गाणी येतील, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

मात्र तुमच्या सहकाऱ्यांची एक गंमत तुमच्याही लक्षात आली असेल. हीच मंडळी कंपनीच्या वार्षिक समारंभात किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत आनंद शिंद्यांच्या पोपटाच्या गाण्यावर सर्वांत आधी नाचायला उतरतात. तेथे ते गाणे चालते, कारण तेथे ते थट्टा म्हणून वाजते आणि नाचणारा प्रत्येक जण चेहऱ्याने सांगत असतो की, हे माझे नव्हे, आज आपली गंमत. तुमची अडचण एवढीच आहे की तुम्ही ते गंमत म्हणून ऐकत नाही. प्रह्लाद शिंद्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांनी ज्यांची एकादशी उजाडते, भीमगीतांनी ज्यांची जयंती साजरी होते आणि पोपटाने ज्यांची वरात निघते, त्या घरांत हे सगळे एकाच घराण्याचे गाणे असते. प्रह्लाद, आनंद आणि आदर्श अशा तीन पिढ्या झाल्या. एखाद्या ख्यालगायकाच्या घरात तीन पिढ्या गाणे टिकले असते तर आपण केवढ्या अभिमानाने सांगितले असते.

दहा ते पंचवीस या वयात कानावर पडलेली गाणी माणसाला जन्मभर सर्वांत जवळची वाटतात, हे मानसशास्त्रातले जुने निरीक्षण आहे. तुमच्या बाबतीत त्यात शाळेचे दप्तर, रिक्षाची मागची सीट आणि आरशातून मागे पाहणारे वडील हेही आले. ती यादी गटावर टाकली नाहीत म्हणून तुम्ही वडिलांशी बेइमानी केली, असे मनात आणू नका; ऑफिसच्या गटावर घर उघडे करण्याचे बंधन कोणावरही नाही. खोटी यादी टाकण्याची गरजही नव्हती. यादी न टाकणारेही गटावर असतातच. जमल्यास या रविवारी वडिलांना विचारा की त्या गाण्यांच्या कॅसेट ते कोठून आणत. मला खात्री आहे की, दुकानाचे नाव, कॅसेटची किंमत आणि कोणती कॅसेट कोणत्या गाडीत अडकून तुटली, एवढे सगळे त्यांच्या लक्षात असेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात माझी सात वर्षांची मुलगी एका लावणीवर नाचणार असे ठरले आहे. ती लावणी मला आठवीपासून पाठ आहे आणि फार आवडते. आता मुलीला शब्द शिकवताना मात्र माझाच चेहरा लाल होतो. ही लावणी आवडणेच चूक होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. पण तुमचा चेहरा लाल होतो, तो मात्र बरोबर होतो. वरच्या दोन पत्रांतील संकोच ‘लोक काय म्हणतील’ या जातीचा होता. तुमचा तसा नाही. लावणी हे प्रौढ बाईचे बोलणे आहे, बहुतेक वेळा पुरुषाने लिहिलेले, आणि ते सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी घातले की तिला न कळता तिच्याभोवतीच्या मोठ्या माणसांना ते कळते. मुलीसाठी दुसरे गाणे घ्या; मंगळागौरीच्या गाण्यांत झिम्मा-फुगडीसकट नाचायला भरपूर आहे आणि सोसायटीतील आज्याही त्यात उतरतील. लावणी तुम्ही स्वतः सादर करा.

लावणी आवडण्याचे म्हणाल, तर ज्या भूपाळीने सोवळ्यातल्या देवघरांत पहाट होत आली, ती घनश्यामाची भूपाळी होनाजी बाळाच्या नावावर आहे आणि होनाजी हा लावणीचा शाहीर होता. गदिमांनी १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर छप्पन्न गाण्यांचे रामायण ऐकवले आणि पुढे १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’साठी साताऱ्याच्या वाटेवर बुगडी हरवलेल्या बाईची लावणीही त्यांनीच लिहिली. तो चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. रामायण ऐकताना रेडिओला हार घालणारे आणि तिकिटाच्या रांगेत उभे राहणारे लोक दोन वेगवेगळ्या गावचे नव्हते.

सुलोचना चव्हाणांना गाताना पाहिले असेल तर आठवा. डोक्यावर पदर, अंगभर लुगडे किंवा साडी, हातवारे जवळजवळ नाहीत. जो काय नखरा तो सगळा गळ्यात. समोरची माणसे शिट्ट्या वाजवत आणि त्या शांतपणे पुढच्या कडव्याकडे वळत. आवडीचा दोष लावणीला द्यायचा आणि बदनामी मात्र ती गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या पदरात टाकायची, हा आपला जुना व्यवहार आहे. तुमच्या मनातली टोचणी त्या बाजूला वळू देऊ नका.

प्रश्न : माझी तक्रार उलटी आहे. मला शास्त्रीय संगीत आवडत नाही. बायकोचे माहेर गाणाऱ्यांचे असल्याने बावीस वर्षे सवाई गंधर्व महोत्सवाला जातो, डोळे मिटून मान हलवतो आणि मनात दुसऱ्या दिवशीच्या कामांची यादी करतो. कबूल करावे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : १९५३ पासून हा महोत्सव चालू आहे, तेव्हा आपण एकटे असाल असे मानू नये, डोळे मिटलेल्या रांगेत झोपलेले किती आणि यादी करणारे किती, हे गाणाऱ्यालाही वरून दिसत असावे. बायकोला सांगून टाका. बावीस वर्षे शेजारी बसून तिला ते कळले नसेल, हे मला पटत नाही. यंदा मध्यंतरापर्यंत बसा, मग बाहेर खाण्याच्या स्टॉलवर जाऊन कॉफी घ्या आणि तिच्यासाठी बटाटेवडा बांधून आणा. मान हलवायची झाली तर निदान समेवर हलवा. बेसमेवर हललेली मान सासरच्या मंडळींना दोन रांगा मागूनही दिसते.